मालक नसलेले मासिक

गेल्या महिन्यात आमच्या त्रैमासिकाची बैठक झाली. बैठक म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसलेली सहा माणसे आणि भिंतीला लावलेले न विकल्या गेलेल्या अंकांचे गठ्ठे. विषय एकच होता. आमच्या भागातल्या एका इच्छुक उमेदवाराने पुढच्या चार अंकांचा छपाईखर्च उचलायची तयारी दाखवली आहे. अट काहीच नाही, असे त्यांचा माणूस म्हणाला. फक्त मागच्या पानावर साहेबांचा रंगीत फोटो हवा, आणि सफाई कामगारांच्या ठेकेदारीवर जी लेखमाला चालू आहे ती जरा सबुरीने घ्यावी. बस्स, एवढेच!

तिघे म्हणाले, घ्या. पैसा आपल्याच समाजाच्या माणसाचा आहे, अंक बंद पडण्यापेक्षा बरे. तिघे म्हणाले, नको. रात्री अकरापर्यंत भांडलो आणि निर्णय न घेताच उठलो. पुढच्या बैठकीत मतदान आहे. त्याआधी आम्हाला वाचकांपुढे एका मासिकाची गोष्ट मांडायची आहे. ते मासिक शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये निघत होते. त्याचे नाव ‘द मासेस’, म्हणजे जनता. याच नावाचे पत्र पुढे बाबासाहेबांनी १९३० मध्ये काढले, हा योगायोगच. पण काही योगायोग विचार करायला लावतात.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ च्या मध्यापर्यंत कोलंबिया विद्यापीठात राहिले. आपली भाषणे ही तीन वर्षे दोन वाक्यांत उरकतात. अठरा-अठरा तास अभ्यास केला, एम.ए. झाले, पुढे चला. पण ते न्यूयॉर्क कसे होते? तिथे संप चालू होते, स्त्रिया मताधिकारासाठी मोर्चे काढत होत्या, संततिनियमनाची पत्रके वाटल्याबद्दल माणसे तुरुंगात जात होती. विद्यापीठापासून सात-आठ किलोमीटर दक्षिणेला ग्रीनिच व्हिलेज नावाच्या वस्तीत ‘मासेस’चे कार्यालय होते. बाबासाहेब ते मासिक वाचत होते असा दावा आम्ही करत नाही. भक्तीपोटी इतिहास रचायची सवय आपण मोडली पाहिजे. पण एक धागा पक्का आहे. ‘मासेस’चा संपादक मॅक्स ईस्टमन हा कोलंबियातच प्रा. जॉन ड्यूई यांच्या हाताखाली शिकला आणि तिथेच तत्त्वज्ञान शिकवत होता. ड्यूई हे बाबासाहेबांचेही गुरू. ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी त्यांचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. एकाच गुरूच्या एका शिष्याने न्यूयॉर्कमध्ये ‘मासेस’ चालवले आणि दुसऱ्याने मायदेशी येऊन १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

पगार नाही, मालकही नाही

‘मासेस’ १९११ मध्ये पीट व्लाग नावाच्या डच स्थलांतरिताने सुरू केले. सहकारी दुकाने, सहकारी खानावळी यांतून समाजवाद येईल असे मानणारा हा माणूस होता. पाठीशी एका विमा कंपनीतला बडा अधिकारी होता, तो पैसे पुरवत होता. त्याने हात आखडला आणि १९१२ च्या उन्हाळ्यात मासिक मेले. सर्वसाधारणपणे गोष्ट इथेच संपते. आपल्याकडची शेकडो अनियतकालिके इथेच संपली आहेत.

पण त्यात फुकट चित्रे काढणारे, फुकट लिहिणारे लोक जिद्दी निघाले. जॉन स्लोन, आर्ट यंग असे चित्रकार, मेरी हीटन व्होर्ससारखी लेखिका, कवी लुई अंटरमायर अशी मंडळी जमली आणि त्यांनी ठरवले की मासिक आपणच चालवायचे. संपादक कोण? मॅक्स ईस्टमनला त्यांनी न विचारताच निवडून टाकले आणि चिठ्ठी पाठवली. तुझी निवड झाली आहे, पगार मिळणार नाही, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. डिसेंबर १९१२ पासून ईस्टमनच्या हाताखाली अंक निघू लागला. पुढे फ्लॉइड डेल आणि जॉन रीड येऊन मिळाले. हिशेब आणि व्यवहार बराच काळ डॉली स्लोन सांभाळत होती. चळवळीच्या इतिहासात हिशेब सांभाळणाऱ्या बाईचे नाव नेहमी शेवटी येते, म्हणून मुद्दाम लिहिले.

मासिकाचे मालक म्हणजे त्यात लिहिणारे आणि चित्रे काढणारेच. नफा वाटायचा नाही, कोणी त्यातून पैसे करायचे नाहीत. महिन्यातून एकदा सगळे जमत, आलेल्या कविता आणि गोष्टी मोठ्याने वाचल्या जात, चित्रे भिंतीला टेकवून ठेवली जात आणि हात वर करून मतदान होई. एका बैठकीत एक अराजकवादी पाहुणा संतापून ओरडला, की कवितेवर मतदान कसले घेता! हसण्यासारखा प्रसंग आहे, पण प्रश्न खरा आहे. आम्हीही कवितांवर मतदान करतो आणि आमच्या मतदानात एक चांगली कविता दोनदा पडली आहे.

त्यांनी अंकावर आपले धोरण छापले होते. त्याचा सारांश असा की हे मासिक सुधारणेचे नसून क्रांतीचे आहे, प्रतिष्ठितांची भीड बाळगणार नाही आणि कोणाचीही, अगदी स्वतःच्या वाचकांचीही, मर्जी सांभाळणार नाही. वाचकांची मर्जी न सांभाळणारे मासिक! आज ‘लाइक’ मोजून मत ठरवणाऱ्या आपल्या काळात हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे.

बातमीच्या झऱ्यात विष

त्यांनी छापले तरी काय? दोन उदाहरणे देतो.

वेस्ट व्हर्जिनियात कोळसा खाणींतल्या कामगारांचा संप चालू होता. तिथे लष्करी कायदा लागू झाला, कामगारांना लष्करी न्यायालयात उभे केले गेले. देशभरातल्या वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणारी संस्था होती असोसिएटेड प्रेस. तिने या संपाच्या बातम्या दाबल्या आणि वाकवल्या, असा ‘मासेस’चा आरोप होता. जुलै १९१३ च्या अंकात आर्ट यंगने चित्र काढले. एक सुटाबुटातला माणूस बातम्यांच्या पाणीसाठ्यात बाटल्यांमधून खोटेपणाचे विष ओततो आहे, आणि ते पाणी शहराला प्यायला जाणार आहे. संस्थेने ईस्टमन आणि यंग या दोघांवर फौजदारी बदनामीचा खटला भरला. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी मोठी सभा झाली आणि अखेर खटला गुंडाळावा लागला. खटला चालला असता तर संपाच्या बातम्यांचे काय झाले ते उघड्या न्यायालयात आले असते. ते कोणाला हवे होते?

हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वस्तीत मारहाण झाली की बातमी येते ‘दोन गटांत हाणामारी’. जातीचे नाव जाते, गुन्ह्याचे कलम जाते, उरतात दोन समसमान गट. विष असे ओतले जाते. वाचकाला चवही कळत नाही.

दुसरे उदाहरण लडलोचे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोराडोत संपकरी खाण कामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर सशस्त्र दलाने गोळीबार केला, तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले मेली. खाण रॉकफेलर घराण्याच्या मालकीच्या कंपनीची. जूनच्या ‘मासेस’चे मुखपृष्ठ जॉन स्लोनने काढले. जळत्या छावणीपुढे उभा कामगार, एका हातात मेलेले लेकरू, दुसऱ्या हातात झाडलेले पिस्तूल. त्या वेळच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर सुंदर तरुणी असत. दहा सेंटच्या या मासिकाने त्या जागी मेलेले मूल ठेवले. कलेने बाजू घ्यावी की नाही, यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. स्लोनने परिसंवाद घेतला नाही, चित्र काढले.

पैसा कोणाचा?

आता आमच्या बैठकीतल्या प्रश्नाकडे येतो. पगार नाही, मालक नाही, पण कागदाचे आणि छपाईचे पैसे तर लागतातच. खप काही हजारांत होता, त्यातून खर्च निघत नव्हता. मग पैसा कोठून येई? ईस्टमन श्रीमंतांकडे जाई. मताधिकार चळवळीतली धनाढ्य बाई आल्वा बेलमाँट हिने पैसे दिले, इतर उदारमतवादी धनिकांनीही दिले. भांडवलशाही उलथवायला निघालेले मासिक भांडवलदारांच्या देणग्यांवर चालत होते! विरोधकांनी यावरून टोमणे मारले, आतल्या कलावंतांनाही ते खुपत होते.

आमच्यातले ‘घ्या’ म्हणणारे इथे टाळी वाजवतील. म्हणतील, बघा, त्यांनीही घेतले. आणि पुढे म्हणतील, बाबासाहेबांनीही ‘मूकनायक’साठी शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये घेतले होते. खरे आहे. पण फरक पाहा. शाहू महाराजांनी अडीच हजार देताना संस्थानातली कोणती बातमी सबुरीने घ्या, असे म्हटले नाही. ‘मासेस’च्या देणगीदारांना अंकात काय जाईल यावर मत नव्हते, कारण मत लिहिणाऱ्यांचे आणि चित्रकारांचे होते. पैसा कोणाच्या खिशातून आला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की पैशाबरोबर हात आला की नाही. आमच्याकडे आलेल्या पैशाबरोबर हात आला आहे आणि तो थेट लेखमालेच्या गळ्यापर्यंत पोहोचला आहे.

चित्राखालची ओळ

‘मासेस’ची गोष्ट नुसती शूरांची गोष्ट नाही. आतले भांडण सांगितले नाही तर आम्हीही आरतीच केली असे होईल.

१९१६ मध्ये चित्रकारांनी बंड केले. तक्रार अशी की आम्ही चित्र देतो आणि संपादक मंडळी आम्हाला न विचारता त्याखाली ओळी लिहितात. साध्या रस्त्यावरच्या माणसांच्या चित्राखाली एक चुरचुरीत राजकीय ओळ आली की चित्र पत्रक होऊन जाते. शिवाय सहकारी म्हणवणारे मासिक प्रत्यक्षात ईस्टमन आणि डेल हे दोघेच चालवतात, सत्ता वाटा, असेही त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला आर्ट यंग. स्वतः चित्रकार असूनही तो म्हणाला की कचऱ्याचे डबे आणि रस्त्यावरच्या पोरींची नुसती चित्रे काढायची तर हे मासिक कशाला, हे समाजवादासाठी आहे. मतदान झाले, बंडखोर हरले. स्लोन, स्टुअर्ट डेव्हिस, ग्लेन कोलमन असे नामांकित चित्रकार निघून गेले. लडलोचे मुखपृष्ठ काढणारा स्लोन गेला, हे लक्षात घ्या.

कोण बरोबर होते? पूर्वी आम्ही क्षणात उत्तर दिले असते की यंग बरोबर, चळवळ आधी. आता तसे म्हणवत नाही, कारण हा गुन्हा आम्ही स्वतः केला आहे. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका मुलीने आमच्या अंकासाठी चित्र दिले. पहाटेचा रस्ता, झाडू टेकवून उभी राहिलेली बाई, तिच्या कमरेला खोचलेला मोबाईल. त्या बाईच्या तोंडावर जे होते ते शब्दांत सांगता येणार नाही. आम्ही काय केले? खाली जाड टाइपात घोषणा छापली. अंक हातात घेऊन ती मुलगी म्हणाली, ‘दादा, माझ्या चित्राला तोंड नव्हतं का?’ त्यानंतर तिने आम्हाला चित्र दिले नाही.

दलित साहित्याने प्रस्थापितांकडून ‘हे साहित्य नाही, प्रचार आहे’ हा आरोप आयुष्यभर ऐकला. त्या आरोपाला उत्तर देता देता आपण आपल्याच कलावंतावर उलटी सक्ती करू लागलो, की प्रचार नसेल तर ते आपले नाही. ‘मासेस’मध्ये राजकारण आणि कला एकाच पानावर नांदले ते १९१३ ते १९१५ या काळात. ज्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या वतीने बोलायचा हक्क गृहीत धरला, त्या दिवशी घर फुटले. दुसऱ्याच्या वतीने बोलणे म्हणजे काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

बंदी न घालता बंद पाडणे

सरकारने ‘मासेस’ कसे संपवले, ही कथा तर आज प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी.

आधी लहान दारे बंद झाली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्टॉलवरून अंक काढून टाकला गेला. कॅनडाने सीमेवर अडवला. शहरोशहरीच्या वितरकांनी नाकारला. आणि कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातून व पुस्तकविक्री केंद्रातूनही त्याला बाहेर काढले गेले. होय, तेच कोलंबिया! ज्या विद्यापीठात ड्यूई लोकशाही शिकवत होते, तिथल्या ग्रंथालयाला दहा सेंटच्या मासिकाची भीती वाटली.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ड्यूई यांनी युद्धाला पाठिंबा दिला. त्यांचा शिष्य ईस्टमन आणि त्याचे मासिक विरोधात उभे राहिले. (गुरूचे ऋण मानणे आणि गुरूची प्रत्येक भूमिका मानणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धाचे अनुयायी म्हणवणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.) जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. नाव हेरांचे, पण सैन्यभरतीत अडथळा आणणाऱ्या लिखाणालाही वीस वर्षांपर्यंत शिक्षा. न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरने ऑगस्टचा अंक टपालाने पाठवायला नकार दिला. ‘मासेस’ न्यायालयात गेले. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी जुलैमध्ये मासिकाच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर कडक टीका करणे आणि कायदा मोडायला थेट चिथावणी देणे यांत फरक आहे, असे त्यांनी सांगितले. पण वरच्या न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुढे तो फिरवला.

खरी करामत पुढे आहे. नियतकालिकांना टपालाचा सवलतीचा दर मिळे. त्याची अट अशी की अंक नियमित निघाला पाहिजे. टपाल खात्याने आता म्हटले, की ऑगस्टचा अंक टपालात पडलेला नाही, म्हणजे तुमचे मासिक नियमित नाही, म्हणून सवलत रद्द! अंक अडवला कोणी? टपाल खात्याने. अनियमित ठरवले कोणी? टपाल खात्यानेच. सवलतीशिवाय देशभर अंक पाठवणे परवडणारे नव्हते. नोव्हेंबर-डिसेंबर १९१७ चा जोडअंक शेवटचा ठरला. ‘मासेस’वर बंदी कोणी घातलीच नाही. फक्त वाट बंद केली.

‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण तेही वाट बंद करणेच होते, हे सांगायचे राहून जाते. आज आपल्या अंकावर कोणी बंदी घालत नाही. आपली पोस्ट कोणाला दिसत नाही एवढेच. आपण समजतो की लोकांना वाचायचे नाही.

मासिक गेले तरी सरकारचे समाधान झाले नाही. ईस्टमन, डेल, यंग, रीड आणि इतरांवर कटाचा खटला भरला गेला. एप्रिल १९१८ मध्ये पहिली सुनावणी झाली. न्यायालयाच्या खिडकीखाली युद्धकर्जरोख्यांच्या प्रचारासाठी बँड वाजत होता. राष्ट्रगीत सुरू झाले की आरोपींतला व्यवस्थापक मेरिल रॉजर्स ताठ उभा राही, मग सगळे न्यायालय उठे. हे इतक्या वेळा झाले की शेवटी न्यायाधीशांनाच थांबवावे लागले. वीस वर्षांची शिक्षा डोक्यावर असताना आर्ट यंग न्यायालयात चक्क झोपला आणि जागा झाल्यावर त्याने स्वतःचे झोपलेले चित्र काढले. जोसेफिन बेल या तरुणीवर एका कवितेसाठी आरोप होता, तो न्यायाधीशांनीच काढून टाकला. ज्युरींचे एकमत झाले नाही. त्याच वर्षी पुन्हा खटला चालला. या वेळी रशियातून परतलेला जॉन रीडही आरोपीच्या जागी होता. पुन्हा एकमत झाले नाही. सगळे सुटले. पण मासिक परत आले नाही.

आपल्याकडेही १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेब. ते मासिक ना दलितांचे होते ना राजकारणाचे. तरीही ते उभे राहिले, कारण मासिकाचे तोंड दाबले की पुढचे तोंड कोणाचे असेल हे त्यांना कळत होते.

जनता कोणती?

एवढे गुणगान झाले. आता जो प्रश्न आम्हाला सर्वात जास्त टोचतो, तो. ‘मासेस’ म्हणजे जनता. त्या जनतेत काळा माणूस होता का?

होता आणि नव्हता. मेरी व्हाइट ओव्हिंग्टनची काळ्या स्त्रीवरच्या गोऱ्यांच्या अत्याचाराची कथा त्यांनी १९१५ मध्ये छापली, जी इतर कोणी सहज छापली नसती. पण त्याच मासिकात काळ्या माणसांची विद्रूप, जाड ओठांची चित्रेही छापून आली. एका वाचक बाईने पत्र लिहून विचारले की तुम्ही या लोकांच्या बाजूचे म्हणता, मग ही चित्रे पाहून त्यांना काय वाटेल? पत्र छापले, ही त्यांची प्रामाणिकता. चित्रांचे समर्थन केले, हा त्यांचा आंधळेपणा. आणि ज्यांच्या हातात मत होते त्या संपादक-मालकांत काळा माणूस एकही नव्हता. मालकी सहकारी होती, पण सहकार गोऱ्यांचा होता.

त्याच शहरात नोव्हेंबर १९१० पासून डॉ. ड्यू बॉइस ‘द क्रायसिस’ काढत होते. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे ते मुखपत्र. पहिल्या अंकाच्या हजार प्रती छापल्या होत्या आणि १९१९ च्या सुमारास खप लाखावर गेला. ‘मासेस’च्या बंडखोर कलावंतांना जो खप स्वप्नातही दिसला नाही, तो ज्यांचे दुःख होते त्यांनी स्वतः काढलेल्या पत्राने गाठला. पुढे जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते या ड्यू बॉइस यांनाच. आपला माणूस कोण, हे त्यांना बरोबर कळत होते.

‘मासेस’च्या राखेतून मार्च १९१८ मध्ये ‘लिबरेटर’ निघाले. त्याचे मालक मॅक्स आणि त्याची बहीण क्रिस्टल ईस्टमन. म्हणजे सहकार गेला. पण इथे जमैकाचा काळा कवी क्लॉड मॅके आला. १९१९ च्या उन्हाळ्यात शहरोशहरी काळ्यांवर हल्ले होत असताना त्याची ‘इफ वी मस्ट डाय’ ही कविता ‘लिबरेटर’ने जुलैमध्ये छापली. पुढे तो संपादकही झाला, पण टिकला नाही. काळ्यांच्या प्रश्नाला अंकात किती जागा द्यायची, हा वादाचा मुद्दा होता. कामगारांचा प्रश्न सुटला की रंगाचा आपोआप सुटेल, असे मानणाऱ्यांना तो प्रश्न पानांत मोजायचा होता. १९२२ मध्ये मॅके मॉस्कोला गेला आणि कम्युनिस्टांच्या जागतिक परिषदेतच त्याने अमेरिकन साथींच्या वर्णद्वेषाबद्दल तोंडावर सुनावले. १९२४ मध्ये ‘लिबरेटर’ पक्षाच्या पत्रात विलीन झाले. १९२६ ला ‘न्यू मासेस’ निघाले आणि १९४८ पर्यंत चालले, पण बाहेरच्या कोणाचीही मर्जी न सांभाळणारे ते जुने मासिक काही पुन्हा जन्माला आले नाही.

वाचकहो, हे ओळखीचे वाटते ना? वर्ग आधी, जात नंतर. आधी क्रांती होऊ द्या, मग तुमचे बघू. आपल्याकडच्या पुरोगामी नियतकालिकांनी आपले लेखन छापले, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण छापायचे की नाही हे ठरवणारा हात कोणाचा होता? डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतून काळ्यांच्या साहित्याची ओळख घेऊन औरंगाबादला परतले आणि १९६७ मध्ये मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून ‘अस्मिता’ निघाले. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ म्हणून ते आयुष्यभर चालवले. त्यांनी कोणाकडे पाने मागितली नाहीत. आपली पाने आपण छापली.

मग आम्ही काय करणार?

ईस्टमनच्या हाताखाली ‘मासेस’ पाच वर्षे टिकले. कोणी म्हणेल, पाच वर्षांत बंद पडलेल्या मासिकाचे काय कौतुक? ‘बहिष्कृत भारत’ तर तीन वर्षेही पूर्ण टिकले नाही. त्याचे रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहावे लागले, आणि ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असा अग्रलेखच लिहावा लागला. समाजाने ते ऋण तेव्हा फेडले नाही. पत्र किती वर्षे चालले हा एक हिशेब. ते चालू असताना त्याने कोणाची भीड धरली हा दुसरा. आम्हाला दुसरा हिशेब महत्त्वाचा वाटतो.

‘घ्या’ म्हणणाऱ्या आमच्या साथींचा एक मुद्दा आम्ही मान्य करतो. अंक बंद पडला तर लेखमाला तरी कुठे छापणार? पण लेखमाला गाळून जो अंक चालू राहील, तो आमचा अंक असेल का? ठेकेदाराकडे राबणाऱ्या बाईला तीन महिन्यांचा पगार मिळालेला नाही. तिने नाव छापायची परवानगी देऊन आमच्यावर विश्वास टाकला आहे. तिला जाऊन काय सांगायचे? की ताई, तुमच्या नावाच्या जागी आता साहेबांचा फोटो आहे?

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. एक, मासिकाची मालकी लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या आणि विकणाऱ्या सगळ्यांची. वर्षाला तीनशे रुपये देणारा प्रत्येक जण भागीदार, आणि एका माणसाला एकच मत, मग तो तीनशे देवो की तीस हजार. जमाखर्च प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, जिथे फोटो मागितला गेला होता तिथेच छापायचा. दोन, चित्राखाली चित्रकाराच्या परवानगीशिवाय एक अक्षर नाही. त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागायची, ती आम्ही सहाही जणांनी. तीन, संपादक मंडळात सफाई कामगार बाया हव्यात, पाहुण्या म्हणून नव्हे, मत देणाऱ्या म्हणून. नाहीतर आमची ‘जनता’ही न्यूयॉर्कच्या त्या जनतेसारखीच अर्धी राहील.

दोनशे भागीदार मिळाले तर चारही अंक निघतील. नाही मिळाले तर दोन निघतील, पण लेखमाला पूर्ण होईल. ६ डिसेंबरला दादरला आम्ही अंक घेऊन बसू. फूटपाथवर, नेहमीच्या जागी. फोटो काढायला येऊ नका. तीनशे रुपये आणि एक मत घेऊन या.

जय भीम.